जलप्रलय खरोखर झाला होता का? विदर्भाच्या जमिनीची साक्ष

सोयाबीन घरात येऊन कापसाची पहिली वेचणी उरकली की विदर्भातल्या गावोगावी भागवत सप्ताह सुरू होतात. आठव्या स्कंधाच्या अखेरीस, कृष्णजन्माच्या सोहळ्याआधी, मत्स्यावताराची कथा येते: राजाच्या ओंजळीत आलेला इवलासा मासा, त्याने दिलेली प्रलयाची पूर्वसूचना, पाण्याखाली गेलेली पृथ्वी आणि माशाच्या शिंगाला बांधलेली नाव. पिढ्यान्‌पिढ्या ही कथा ऐकली गेली आणि ऐकणारा समाधानाने घरी गेला. अलीकडे मात्र तिला एक वाक्य हमखास जोडले जाते, की हा जलप्रलय अक्षरशः घडला असून आता विज्ञानानेही तो मान्य केला आहे. मग डोंगरमाथ्यावर सापडलेल्या म्हणे जहाजाची चित्रफीत मोबाइलवर फिरते, मुले शाळेत गुरुजींना प्रश्न विचारतात आणि पारावर दोन तट पडतात. एक तट म्हणतो, पोथीत लिहिले आहे म्हणजे झालेच असणार. दुसरा म्हणतो, सगळे थोतांड आहे. दोन्ही तटांपैकी कोणीही मूळ कथा पुन्हा उघडून पाहत नाही आणि आपण उभे आहोत ती जमीनही पाहत नाही.

माझे मत आरंभीच सांगतो. सबंध पृथ्वी बुडवणारा जलप्रलय माणूस या पृथ्वीवर आल्यानंतर कधीही झालेला नाही. या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी परदेशी प्रयोगशाळेकडे पाहण्याचीही गरज नाही, कारण विदर्भाच्या विहिरींत, खाणींत आणि वावरांत त्याचा पुरावा उघडा पडलेला आहे. आणि या कथेला इतिहास ठरवण्याचा हट्ट आपल्या परंपरेच्या जाणत्यांनीही धरलेला नव्हता. ही कथा मला फार प्रिय आहे, म्हणूनच तिला न पेलणारे ओझे तिच्यावर लादले गेलेले मला पाहवत नाही.

आधी कथेकडे वळू. ती एकच आहे असे आपण धरून चालतो, पण ती किमान चार प्रकारे सांगितलेली आहे. सर्वांत जुने कथन शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात सापडते. तिथे सकाळी हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यात मनूला मासा मिळतो. मासा म्हणतो, आम्ही लहान असतो तोवर आमचा फार नाश होतो, कारण मासाच माशाला गिळतो. मला वाढव, मी तुला वाचवीन. मनू त्याला आधी भांड्यात, मग खड्ड्यात, मग समुद्रात ठेवतो. पूर येतो, नाव उत्तरेकडच्या पर्वतापर्यंत जाते आणि मनू एकटा वाचतो. सप्तर्षी नाहीत, बीजे नाहीत, पशुपक्ष्यांच्या जोड्या नाहीत, आणि तो मासा विष्णूचा अवतार आहे असेही शतपथात कुठे म्हटलेले नाही. महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी हीच कथा युधिष्ठिराला सांगतात; तिथे चीरिणी नदीचा काठ आहे, नावेत सप्तर्षी आहेत, आणि मासा शेवटी स्वतःची ओळख प्रजापती ब्रह्मा अशी करून देतो. मत्स्यपुराणात तो विष्णू होतो आणि घटनास्थळ दक्षिणेतल्या मलय पर्वताकडे सरकते. भागवतात नायकही बदलतो: द्रविड देशाचा राजा सत्यव्रत कृतमाला नदीवर तर्पण करत असताना मासा ओंजळीत येतो, आणि नाव शिंगाला बांधायला दोर म्हणून वासुकी नाग लागतो.

या चारांपैकी अक्षरशः खरे कोणते मानायचे? नदी वेगळी, पर्वत वेगळा, माणूस वेगळा, मासा कोण याचे उत्तर वेगळे. साक्षीदारांच्या जबानीत इतका फरक पडला तर कोणतेही न्यायालय ती घटना त्याच तपशिलांसह घडली असे मानणार नाही. पण या ग्रंथकारांना आपण साक्ष नोंदवत आहोत असे वाटतच नव्हते. पुढचा कवी मागच्याची कथा घेई, तिच्यात आपल्या काळाचा आणि आपल्या दैवताचा अर्थ भरी, आणि मागच्या कवीला खोटे पाडल्याची भावना त्याच्या मनाला शिवत नसे.

ज्यांना तरीही अक्षरार्थच हवा आहे त्यांनी एक हिशेब करून पाहावा. सत्यनारायणाच्या पूजेला बसताना गुरुजी संकल्प सांगतात, तो आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेला असतो: श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, अष्टाविंशतितमे युगे, कलियुगे प्रथमचरणे. याचा अर्थ असा, की नावेतून वाचलेल्या वैवस्वत मनूचे मन्वंतर सुरू होऊन सत्तावीस महायुगे पूर्ण झाली आहेत आणि अठ्ठाविसावे चालू आहे. एक महायुग ४३ लाख २० हजार वर्षांचे. सत्तावीस महायुगांची ११ कोटी ६६ लाख ४० हजार वर्षे. त्यात चालू महायुगातील कृत, त्रेता आणि द्वापर यांची ३८ लाख ८८ हजार वर्षे आणि कलियुगाची पाच हजारांवर वर्षे मिळवली, की बेरीज सुमारे १२ कोटी ५ लाख वर्षे होते. त्याआधीचे चाक्षुष मन्वंतर संपतानाचा जलप्रलय अक्षरशः खरा मानायचा तर तो तितक्या वर्षांपूर्वी घडायला हवा. पण १२ कोटी वर्षांपूर्वी हिमालय नव्हता. भारताचा भूखंड तेव्हा विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला होता. तो उत्तरेला सरकत आशियाला भिडला आणि हिमालय उचलला जाऊ लागला, त्याला सुमारे पाच कोटी वर्षे झाली. वनपर्वातली नाव हिमवंताच्या ज्या शिखराला बांधली जाते ते नौबंधन नावाचे शिखर त्या वेळी जन्मालाही आलेले नव्हते, आणि माणूस तर नव्हताच. पंचांगाचा हिशेब आणि कथेचा भूगोल हे दोन्ही एकाच वेळी अक्षरशः खरे असू शकत नाहीत.

असा प्रश्न आपल्या जुन्या पंडितांना पडला नसेल असे समजणे म्हणजे त्यांच्या बुद्धीचा अपमान करणे होय. भागवताचे सर्वमान्य टीकाकार श्रीधरस्वामी यांनी मत्स्यावताराच्या अध्यायावर टीका लिहिताना नेमके हेच विचारले आहे, की हा प्रलय नक्की कोणता? ब्रह्मदेवाच्या दिवसाअखेरचा म्हणावा तर मन्वंतरांच्या हिशेबाशी त्याचा मेळ बसत नाही, आणि मधलाच म्हणावा तर इतर वर्णने अडचणीची ठरतात. या चर्चेअंती त्यांनी दिलेले उत्तर सप्ताहाच्या प्रत्येक मंडपात वाचून दाखवावे असे आहे. ते म्हणतात, की वस्तुतः सत्यव्रताला ज्ञानाचा उपदेश करण्यासाठी प्रकट झालेल्या भगवंताने त्याच्या मनात वैराग्य उपजावे म्हणून अकस्मात प्रलयासारखे काही दाखवले, जसे पुढे मार्कंडेयाला दाखवले. प्रलय झाला असे न म्हणता प्रलयासारखे दाखवले असे म्हणण्याचे धैर्य ज्या टीकाकाराने दाखवले, त्याच्या श्रद्धेबद्दल वारकरी किंवा भागवतकार यांच्यापैकी कोणी कधी शंका घेतलेली नाही. एकनाथांनी ज्यांचा आधार घेतला ते हेच श्रीधरस्वामी. मग आज गावातल्या एखाद्या शिक्षकाने तेच म्हटले तर तो धर्मद्रोही कसा ठरतो?

आता पुराव्याच्या नावाने जे सांगितले जाते त्याकडे येऊ. सर्वांत प्रभावी वाटणारा मुद्दा असा: हिमालयावर समुद्री जिवांची कवचे सापडतात, म्हणजे एकेकाळी समुद्र तिथवर चढला होता. हा मुद्दा आपल्या देव्हाऱ्यापर्यंत येतो. गंडकी नदीतून येणारा शाळिग्राम फोडला, की आतली चक्राकार रेघ ही अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याच्या कवचाची खूण असते, आणि तो प्राणी साधारण पंधरा कोटी वर्षांपूर्वी भारत आणि आशिया यांच्या मध्ये पसरलेल्या टेथिस समुद्रात राहत होता. निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष उलटा आहे. समुद्र डोंगरावर चढला नाही. समुद्राचा तळच वर उचलला जाऊन डोंगर झाला. इटलीत लिओनार्दो दा विंची यांनी पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या संधिकाळात हाच वाद घातला होता. डोंगरातले शिंपले बायबलमधल्या नोहाच्या पुराने आणून टाकले असे लोक म्हणत, तेव्हा त्यांनी विचारले, की शिंपला दिवसाला चार हात सरकतो. चाळीस दिवसांत तो अडीचशे मैल आत कसा पोहोचला? आणि पुराने लोटून आणले असेल तर तो ढिगाऱ्यात मिसळलेला सापडायला हवा, आपापल्या थरात आणि आपल्या जातीच्या सोबत्यांत बसलेला नव्हे.

पाण्याचा हिशेबही शेतकऱ्याला सहज कळेल असा आहे. आपण पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतो. पृथ्वीभोवतीच्या हवेतली सगळी वाफ एकाच वेळी बरसली तर सबंध पृथ्वीवर सरासरी पंचवीस मिलिमीटर, म्हणजे इंचभर पाऊस पडेल. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीपर्यंत पाणी भरायचे तर सुमारे ४५० कोटी घन किलोमीटर पाणी लागेल, आणि आज सगळ्या महासागरांत मिळून आहे ते साधारण १३३ कोटी. बर्फ आणि भूजल त्यात मिळवले तरी हिशेबात फरक पडत नाही. महासागरांच्या तिपटीहून अधिक पाणी आले कोठून आणि गेले कोठे? यावर एक उत्तर मिळते, की देवाला काय अशक्य आहे. हे उत्तर मी आदराने ऐकतो, कारण ते प्रामाणिक आहे. चमत्कार म्हणायचे असेल तर चमत्कारच म्हणावे. पण मग विज्ञानाने सिद्ध केले हे शब्द मागे घेतले पाहिजेत, कारण एकाच श्वासात दोन्ही सांगता येत नाही.

आणि आता आपली जमीन. बुलढाणा, अकोला, वाशीम, अमरावती, यवतमाळ, वर्धा आणि नागपूरचा पश्चिम भाग बहुतांश काळ्या पाषाणावर वसलेला आहे. या भागात विहीर खोदताना काठावर उभे राहून पाहावे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग टिकावाला दाद न देणारा पाषाण लागतो. त्याच्याखाली कधी भोकाभोकांचा मांजऱ्या खडक येतो, ज्याच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक चमकत असतात, आणि त्याच्याही खाली पुष्कळ ठिकाणी विटेच्या रंगाच्या लाल मातीचा हात-दोन हात जाडीचा पट्टा उघडा पडतो. त्या पट्ट्याखाली पुन्हा पाषाण सुरू होतो. खोदणाऱ्यांना हा पट्टा चांगला माहीत असतो, कारण तिथे विहिरीची कड ढासळण्याची भीती असते. भूगर्भशास्त्र त्याचा अर्थ असा लावते: सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थंड झाला, त्याचा पृष्ठभाग उन्हापावसात झिजून त्याची माती झाली, आणि त्या मातीवर पुन्हा लाव्हा आला. खडक झिजून हातभर माती व्हायला किती पिढ्या जातात हे ज्याच्या बरड वावरात अजून नांगराला मुरूम लागतो त्याला सांगावे लागत नाही. विहिरीच्या भिंतीत असे एकाहून अधिक पट्टे दिसतात, म्हणजे मध्ये मध्ये दीर्घ विसावे घेत वर्षानुवर्षे चाललेली ती उलथापालथ आहे. एका वर्षाच्या महापुराला तिथे जागाच उरत नाही.

कोणी म्हणेल, पूर नंतर आला आणि वरची काळी माती त्याचाच गाळ आहे. तसे असते तर तो गाळ सगळीकडे सारखा पसरला असता. प्रत्यक्षात नागपूर ओलांडून पूर्वेला गेले की माती बदलते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे खाली काळा पाषाण नाही, त्याहून कितीतरी जुने खडक आहेत, म्हणून तिथली जमीन धानाची आहे; इकडे पाषाण झिजून झालेली काळी जमीन आहे, म्हणून कपाशी आहे. माती खालच्या खडकाची लेक आहे. विदर्भाची पिके अशी दोन बाजूंना वाटली गेली, याचे कारण कोणत्याही जागतिक पुराने इथल्या मातीची सरमिसळ केलेली नाही हेच आहे.

लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये आणखी एक गोष्ट सापडते, आणि ती ज्याने जगापुढे मांडली तो माणूस या वादात मुद्दाम आठवावा असा आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाद्री १८४५ साली नागपूरला आले. नोहाची कथा ज्या ग्रंथात आहे तो ग्रंथ शिकवणे हेच त्यांचे काम होते. फावल्या वेळात ते हातोडी घेऊन सीताबर्डीपासून चांद्यापर्यंत खडक फोडत हिंडत. नागपूरजवळच्या टाकळी येथे पाषाणाच्या थरांमध्ये दबलेल्या गाळात त्यांना गोगलगायींची कवचे, फळे, बिया, इतकेच काय भुंग्यांच्या पंखांची टणक आवरणेही मिळाली. रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी १८५५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात हे प्रसिद्ध केले. ही कवचे गोड्या, संथ पाण्यातली आहेत. वर लाव्हा, खाली लाव्हा, आणि मध्ये एक निवांत तळे, त्याच्या काठी झाडे, झाडांवर किडे. पाद्री असूनही त्यांनी त्या तळ्याला नोहाचा पूर म्हटले नाही. जे दिसले ते तळे म्हणूनच नोंदवले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून त्यांचा अंत झाला. विदर्भाच्या भूगर्भाचा पाया घालणाऱ्या या माणसाचे ऋण आपण पुरेसे फेडलेले नाही, असे मला नेहमी वाटते.

हिस्लॉप यांना हाडे मिळाली होती ते पिसदुरा गाव वरोरा तालुक्यात आहे. तिथल्या वावरांत डायनासोरच्या काळातली दगड झालेली विष्ठा आजही मिळते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तिच्यात गवताचे सूक्ष्म अवशेष सापडले, आणि त्या काळी गवत होते हे जगाला पहिल्यांदा पिसदुऱ्याने सांगितले. ज्या लोंढ्याने पर्वत बुडाले असे म्हणतात त्या लोंढ्यात विष्ठेचे गोळे आकारासकट टिकले असते का? एका पावसाळी सरीत शेणाच्या पोचे काय होते ते आपण रोज पाहतो. तिथून फार लांब नसलेल्या वणी-घुग्घुसच्या कोळशात ग्लॉसॉप्टेरिस या लुप्त झाडाच्या पानांचे ठसे मिळतात, पण त्यात ना गवत, ना फूल, ना डायनासोर. पिसदुऱ्यात डायनासोर आहे, पण गाय नाही. प्रत्येक थराचे जीव वेगळे आहेत. सगळे जीव एकाच पुरात बुडाले असते तर कोळशाच्या थरात कुठेतरी एखादे बैलाचे शिंग सापडायला हवे होते.

ख्रिस्ती जगातही हा प्रश्न प्रथम धर्मगुरूंनीच निकालात काढला. ऑक्सफर्डचे विल्यम बकलंड स्वतः धर्मोपदेशक होते. १८२३ मध्ये त्यांनी गुहांतल्या हाडांवरून महापूर सिद्ध केल्याचा ग्रंथ लिहिला आणि १८३६ मध्ये तो दावा सोडून दिला. केंब्रिजचे ॲडम सेजविक यांनी १८३१ मध्ये भूवैज्ञानिक संस्थेच्या अध्यक्षपदावरून आपले पूर्वीचे मत जाहीरपणे मागे घेतले. या दोघांनीही चर्च सोडले नाही. आपल्या गावांतल्या मुस्लिम बांधवांच्या कुराणातही नूह यांची नाव आहे, ती जूदी पर्वतावर थांबते, आणि तो पूर सर्व पृथ्वीवर नसून नूह यांच्या लोकांवर आला असे मानणारे भाष्यकार त्या परंपरेतही आहेत. म्हणजे हा वाद धर्म विरुद्ध विज्ञान असा नाहीच. तो प्रत्येक धर्माच्या आतला आहे.

मग कथा आली कोठून? १८७२ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथ यांनी मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) निनेव्हेच्या मातीच्या विटांवर कोरलेली गिल्गमेश या प्राचीन महाकाव्यातली पूरकथा वाचली आणि बायबलच्या कथेला तिच्याहून जुने भावंड असल्याचे उघड झाले. मेसोपोटेमियाच्या ऊर, किश, शुरुप्पाक या नगरांच्या उत्खननात पुराच्या गाळाचे थर मिळाले, पण ते वेगवेगळ्या काळांतले निघाले. नदीकाठी वारंवार येणारे ते मोठे पूर होते. शेवटच्या हिमयुगानंतर समुद्राची पातळी सुमारे १२० मीटरने वाढली, पण त्याला हजारो वर्षे लागली. नदीकाठी राहणाऱ्या माणसांनी आपले सगळे जग बुडताना अनेकदा पाहिले आहे, आणि ज्याचे सगळे जग म्हणजे दहा गावे, त्याच्या लेखी पृथ्वीच बुडालेली असते.

कथा आणि शास्त्र एका ठिकाणी कशी नांदतात याचा धडा आपल्याकडे लोणारला आहे. विष्णूने लवणासुराचा वध केला आणि तिथे हे विवर पडले, अशी आख्यायिका आहे. दैत्यसूदनाचे देखणे मंदिर तिची साक्ष देते. तेच सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर उल्कापाताने काळ्या पाषाणात झाले, हे १९७० च्या दशकात तिथल्या काचरूप झालेल्या खडकांच्या अभ्यासातून पक्के झाले. लोणारचा माणूस पाहुण्याला दोन्ही गोष्टी सांगतो आणि दोन्ही अभिमानाने सांगतो. असुराची हाडे शोधा असा आग्रह तिथे कोणी धरत नाही आणि मंदिर पाडा असेही कोणी म्हणत नाही. मत्स्यावताराच्या कथेला हाच न्याय मिळाला पाहिजे. म्हणूनच तिला थोतांड म्हणणाऱ्या मित्रांशीही माझे जमत नाही. दुबळ्या माशाने मागितलेले संरक्षण आणि ते देणाऱ्या माणसाचे पुढे झालेले रक्षण, एवढा अर्थ शतपथाच्या त्या थोड्या ओळींत भरलेला आहे, आणि तो समजायला समुद्र एव्हरेस्टवर चढावा लागत नाही. वर्गात मुलाने विचारले, की गुरुजी, मंग मनूची नाव खरी होती का, तर शिक्षकाने न घाबरता सांगावे, की ही फार जुनी कथा आहे, ती इतिहास नाही, आणि चल, आपल्या गावाच्या विहिरीत काय दिसते ते पाहू.

हा वाद मी एवढा लांबवला, कारण त्याचे परिणाम पोथीपुरते राहत नाहीत. जलप्रलय अक्षरशः झाला असे पटले, की लगेच दुसरे वाक्य येते: तो पापामुळे झाला. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातले मोवाड उद्ध्वस्त केले आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. त्या माणसांनी काय पाप केले होते? ज्या घरांत पाळण्यातली लेकरे गेली त्यांना हे कोणत्या तोंडाने सांगणार? शतपथाने हे सांगितलेले नाही; तिथे पूर येतो, पण कोणालाही दोषी ठरवले जात नाही. वनपर्वातला मासाही एवढेच म्हणतो, की लोकांच्या प्रक्षालनाची वेळ आली आहे. पुरात बुडालेल्यांवर पापाचा शिक्का मारणे हे आपल्या सर्वांत जुन्या कथेतले नाही, आणि माणुसकीतही बसत नाही.

शिवाय पूर ही दैवी शिक्षा ठरली, की माणसाला विचारायचे प्रश्न गिळले जातात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मुसळधार पाऊस झाला, मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी सोडले गेले, आणि वैनगंगेने भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चारही जिल्ह्यांतली काठची गावे पाण्याखाली घातली. त्या पाण्याला उगम होता, वाट होती, वेळापत्रक होते. आपल्याकडे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल अशा पूररेषा आखण्याची पद्धत आहे. नदीकाठच्या प्रत्येक गावाच्या ग्रामसभेने पावसाळ्यापूर्वी विचारावे, की या रेषा आपल्या शिवारात कुठून जातात, त्यांच्या आत घरकुले कोणाच्या सहीने मंजूर होत आहेत, वरच्या धरणाचे दरवाजे उघडण्याआधी किती तासांची सूचना मिळणार आहे, ती मध्यरात्री दवंडीने, भोंग्याने की फोनने कोण देणार आहे, आणि गुरेढोरे व म्हातारी माणसे कोणत्या उंचवट्यावर हलवायची हे गावात कोणाकोणाला माहीत आहे.